भाडेवाढीवर कायद्याची मर्यादा मागावी का?

प्रश्न : आम्ही पुण्यात सहा वर्षं भाड्याने राहतो. वन बीएचके, भाडं 20,000 रुपये, डिपॉझिट 60,000. दर अकरा महिन्यांनी नवं ॲग्रीमेंट आणि त्याचा खर्च. यंदा मालक एकदम 24,000 मागताहेत. जमत नसेल तर घर रिकामं करा म्हणतात. मुलांची शाळा इथेच आहे. आमच्या भागातले भाडेकरू मिळून आमदारांना निवेदन देणार आहेत : वर्षाला 5 टक्क्यांपेक्षा जास्त भाडेवाढ करायला राज्य सरकारने कायद्याने बंदी घालावी. माझे दीर म्हणतात, सरकारने यात पडूच नये, बाजार बघून घेईल. तुमच्या सदरातही खुल्या बाजाराची बाजू असते. मग आमच्यासारख्यांनी करायचं काय? निवेदनावर सही करू की नको?
— एक वाचक, पुणे

उत्तर :

ताई, या निवेदनावर सही करू नका, असा आमचा सल्ला आहे. निवेदन मात्र जरूर द्या, पण वेगळ्या मागण्यांचं. दिरांचं म्हणणं आम्हाला अर्धंच पटतं. सरकारने हात झटकले म्हणजे बाजार खुला झाला असं होत नाही. केलेला करार पाळला गेला पाहिजे, मोडला तर दोन्ही बाजूंना लवकर दाद मिळाली पाहिजे आणि नवं घर बांधणाऱ्याची वाट कारण नसताना अडता कामा नये. ही कामं सरकारचीच आहेत आणि महाराष्ट्रात नेमकी तीच मागे पडली. भाड्याचा आकडा ठरवण्याचं काम मात्र सरकारने पाऊण शतक सोडलं नाही. त्याचं काय झालं ते मुंबईत दिसतं, म्हणून आधी ते सांगतो.

मुंबई भाडे नियंत्रण कायदा 1947 चा. महायुद्धानंतरच्या घरटंचाईवर तात्पुरता इलाज म्हणून तो आला आणि त्याने भाडं गोठवलं ते 1 सप्टेंबर 1940 च्या पातळीवर. मग त्याला मुदतवाढीमागून मुदतवाढ मिळत गेली. सिमेंट, लोखंड, गवंड्याची मजुरी, पालिकेचे कर, सगळं वाढत गेलं, भाडं तिथेच. दुरुस्तीची जबाबदारी कायद्याने मालकावर होती, पण जमणाऱ्या भाड्यात गच्चीची गळतीसुद्धा थांबवता येत नव्हती. मालकाने इमारतीकडे पाहणं सोडलं, इमारती पडू लागल्या. 1969 मध्ये सरकारला दुरुस्ती मंडळ काढावं लागलं आणि उपकर बसवावा लागला. त्या वेळी या उपकरप्राप्त इमारतींची संख्या 19,642 होती. दर पावसाळ्याआधी अतिधोकादायक इमारतींची यादी निघते, ती त्याच कायद्याची शेपटी आहे. 1997 साली सर्वोच्च न्यायालयानेही मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात म्हटलं की, भाडं असं गोठवून ठेवण्याच्या तरतुदी काळाच्या ओघात अवाजवी आणि मनमानी झाल्या आहेत.

त्यानंतर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 आला आणि 31 मार्च 2000 पासून लागू झाला. त्यात जुन्या भाड्यांचा पाया 1 ऑक्टोबर 1987 चं भाडं अधिक 5 टक्के असा धरला आणि पुढे वर्षाला 4 टक्के वाढीची मुभा दिली. म्हणजे तुमचा गट जे मागतो आहे, जवळजवळ तेच. हिशेब करून पाहा. 1987 मध्ये 100 रुपये भाडं असेल तर पाया 105. त्यावर 25 वर्षं 4 टक्क्यांनी चक्रवाढ धरली तरी आकडा 280 पर्यंतच जातो. महिना 280 रुपयांत लिफ्ट सोडा, जिन्यातला दिवाही धड राहत नाही.

पण तुमच्या दृष्टीने याहून मोठं नुकसान दुसरंच झालं. भाडं गोठलं म्हणून मालक ‘लिव्ह अँड लायसन्स’कडे, म्हणजे भाडेकरूचे हक्क न देता ठरावीक मुदतीसाठी नुसती राहण्याची परवानगी देणाऱ्या कराराकडे, वळले होते. 1973 मध्ये सरकारने दुरुस्ती केली : 1 फेब्रुवारी 1973 रोजी ज्या लायसन्सधारकांकडे घराचा ताबा होता, ते सगळे कायद्याने भाडेकरू ठरले. ज्याने ठरावीक मुदतीसाठी घर दिलं होतं, त्याचं घर एका रात्रीत कायमचं अडकलं. त्या धसक्यातून बरेच मालक अजून बाहेर आलेले नाहीत. ‘घर रिकामं राहिलं तरी चालेल पण भाड्याने देऊ नका’ असं सांगणारे आजोबा घरोघरी आहेत. कुलूप लावून ठेवलेले फ्लॅट तुम्हाला तुमच्याच परिसरात दिसतील. देशभरातल्या शहरांत 2011 च्या जनगणनेत रिकाम्या घरांची संख्या 1.1 कोटींच्या घरात होती. सगळीच काही भीतीने बंद नाहीत, पण जी आहेत ती भाड्याच्या बाजारात आली असती तर तुमच्या मालकाला 24,000 म्हणताना दोनदा विचार करावा लागला असता. 5 टक्क्यांच्या मर्यादेची नुसती चर्चा सुरू झाली तरी या कुलपांत भर पडेल.

भाडेनियंत्रणाचा कुणालाच फायदा होत नाही, असं आम्ही म्हणणार नाही. तसं म्हणणं खोटं ठरेल. सॅन फ्रान्सिस्कोने 1994 मध्ये लहान जुन्या इमारतींनाही नियंत्रण लागू केलं. त्याच्या परिणामांवर डायमंड, मॅक्वेड आणि चियान या अर्थशास्त्रज्ञांचा 2019 चा अभ्यास आहे. आत असलेल्या भाडेकरूंना त्याच घरात टिकून राहता आलं, हे त्यांना स्पष्ट दिसलं. पण नियंत्रण लागलेल्या मालकांनी भाड्याच्या घरांचा पुरवठा 15 टक्क्यांनी कमी केला : कुणी घरं विकली, कुणी पाडून नवी बांधली. शहरभरातलं भाडं त्यामुळे 5.1 टक्क्यांनी वाढलं. म्हणजे आतल्याला जे मिळालं, ते पुढे घर शोधायला आलेल्याच्या खिशातून गेलं. तुम्ही आज आत आहात, पण अकरा महिन्यांच्या करारावर राहणारा माणूस फार काळ आत राहत नाही. मर्यादा आली तर मालक करार संपताच भाडेकरू बदलेल, किंवा नव्या भाडेकरूला पहिल्याच दिवशी पुढच्या पाच वर्षांचा आकडा सांगेल, किंवा वरची रक्कम रोखीने मागेल. मुंबईतली पागडी अशीच जन्माला आली.

आता तुमच्या घराचा प्रश्न. यासाठी आमदारांची वाट पाहायची गरज नाही.

आधी खरा भाव काढा. संकेतस्थळांवरच्या जाहिरातींत असतो तो मागितलेला भाव. तुम्हाला हवा दिलेला भाव. तुमच्याच आणि शेजारच्या सोसायट्यांत गेल्या सहा महिन्यांत करार झालेल्या पाच-सहा वन बीएचके घरांचं भाडं विचारा. मग मालकासमोर आकडेमोड ठेवा. तुम्ही 22,000 ला राहिलात तर त्यांना वर्षाला 2,64,000 मिळतील. तुम्हाला काढून 24,000 चा भाडेकरू आणला आणि मधे एकच महिना घर रिकामं राहिलं, तरी 11 महिन्यांचे 2,64,000 च होतात. वर रंगकाम, नळ-दिव्यांची डागडुजी आणि दलाली त्यांच्याच पदरची. घर दोन महिने रिकामं राहिलं तर आकडा 2,40,000 वर येतो, म्हणजे आजच्याइतकाच. वेळेवर भाडं देणाऱ्या सहा वर्षांच्या भाडेकरूची किंमत मालकाला कळते, पण ती कुणीतरी कागदावर मांडून दाखवावी लागते. बाजारभाव खरोखरच 24,000 च्या वर निघाला, तर मात्र हा हिशेब तितका चालणार नाही, हेही लक्षात घ्या.

22,000 च्या बदल्यात मुदत मागा. अकरा महिन्यांची पद्धत कुठून आली? 1908 च्या नोंदणी कायद्यात वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची आहे. ती चुकवायला अकरा महिने. महाराष्ट्रात या युक्तीचा काही उपयोग नाही. 1999 च्या कायद्याच्या कलम 55 प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा करार कितीही मुदतीचा असो, तो लेखी आणि नोंदणीकृतच लागतो. नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे आणि ती टाळल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिवाय नोंदणी नसेल तर अटींबाबत तुमचं म्हणणं खरं मानलं जातं, जोवर मालक उलट सिद्ध करत नाही. तेव्हा अकरा महिन्यांत दोघांनाही वाचत काहीच नाही, उलट खर्च वाढतो. मुद्रांक शुल्क पाव टक्का आहे. ते करारातल्या एकूण भाड्यावर, आणि परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला 10 टक्के व्याज धरून त्या रकमेवर लागतं. 60 महिन्यांपर्यंतच्या करारांना हाच दर आहे, आणि महापालिका हद्दीत नोंदणी शुल्क 1,000 रुपये. तीन वर्षांचा करार केला, भाडं 22,000, मग 23,100, मग 24,255 (दरवर्षी 5 टक्के), डिपॉझिट 60,000, तर मुद्रांक आणि नोंदणी मिळून साधारण 3,100 रुपये होतात. तेच भाडं धरून अकरा-अकरा महिन्यांचे तीन करार केले तर 4,900 च्या वर जातात, आणि तरी 33 महिनेच पदरात पडतात. एजंटची फी वेगळी. कागद करण्याच्या दिवशी चालू दर एकदा पाहून घ्या.

म्हणजे 5 टक्क्यांची मर्यादा तुम्हाला मिळू शकते. ती कायद्यातून मागण्याऐवजी करारातून घ्या. तशी घेतलेली मर्यादा मालकानेही मान्य केलेली असते, त्यामुळे त्याला पळवाट शोधावी लागत नाही.

करारात काही गोष्टी नीट लिहून घ्या. लॉक-इन दोन्ही बाजूंचं हवं : मालकाने 36 महिने घर मागायचं नाही, तुम्ही सोडायचं तर दोन महिन्यांची नोटीस. बहुतेक छापील नमुन्यांत मालकाला महिन्याच्या नोटिशीवर करार संपवता येतो. ते कलम वगळायला लावा, नाहीतर तीन वर्षांच्या मुदतीला काही अर्थ उरत नाही. मुदत मेमध्ये संपेल अशी बसवा, म्हणजे शाळेच्या मध्यात घर शोधावं लागणार नाही. डिपॉझिट किल्ली देताना त्याच वेळी परत, आणि कपात असेल तर बिल दाखवून, असं स्पष्ट लिहा. ‘रंग, खिळ्यांची भोकं, वापराने होणारी झीज यांबद्दल कपात नाही’ हे वाक्य घाला, कारण डिपॉझिटची निम्मी भांडणं रंगावरून होतात. ताब्याच्या दिवशी प्रत्येक खोलीचे फोटो आणि वीज मीटरचं रीडिंग मालकाला व्हॉट्सॲपवर पाठवून ठेवा. सोसायटीचा मेंटेनन्स कोण भरणार तेही लिहा. मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी लावते ते भोगवटेतर शुल्क मालकाकडून घेतलं जातं आणि 1 ऑगस्ट 2001 च्या शासन आदेशाप्रमाणे सोसायटीला ते सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांहून जास्त लावता येत नाही. ते तुमच्या भाड्यात ढकललं जात असेल तर विचारा.

आता निवेदनात काय मागायचं ते पाहू.

पहिली मागणी दाद मिळण्याची, आणि आमच्या मते हीच सगळ्यात महत्त्वाची. लायसन्सची मुदत संपूनही कुणी घर सोडलं नाही, तर 1999 च्या कायद्याच्या कलम 24 खाली मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे अशा प्रकरणांसाठी सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, जाऊ शकतो. समोरच्याला 30 दिवसांत प्रतिज्ञापत्र देऊन बाजू मांडण्याची परवानगी मागावी लागते, आणि मुदतीनंतरच्या काळासाठी दुप्पट भाड्याने भरपाई द्यावी लागते. हा मार्ग योग्यच आहे. यामुळेच बरेच मालक पुन्हा घरं भाड्याने देऊ लागले. पण तो एकेरी आहे. मालकाने तुमचे 60,000 अडवले तर तुम्हाला त्या प्राधिकाऱ्याकडे जाता येत नाही, दिवाणी न्यायालय गाठावं लागतं. 60,000 साठी वकील लावून वर्षानुवर्षं कोण फिरणार? हे माहीत असल्यानेच डिपॉझिट अडवली जातात. तेव्हा मागा : डिपॉझिटचे आणि मुदतीआधी घर काढून घेण्याचे वादही त्याच प्राधिकाऱ्यापुढे, त्याच मुदतींत चालावेत. केंद्राने 2 जून 2021 रोजी मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरार कायद्यात दोन्ही बाजूंसाठी स्वतंत्र भाडे न्यायालयं आणि 60 दिवसांत निकालाचं उद्दिष्ट आहे. तो भाग जसाच्या तसा घेण्यासारखा आहे. त्याच कायद्यात निवासी घरांच्या डिपॉझिटवर दोन महिन्यांची मर्यादा आहे, ती मात्र आम्हाला पटत नाही. डिपॉझिट परत मिळण्याची खात्री असली की ते किती असावं हे दोघं ठरवू शकतात, आणि ज्याला कुणी ओळखत नाही अशा नवख्याला जास्त डिपॉझिट देऊनच घर मिळतं.

दुसरी मागणी महापालिकेकडे. पुण्यात मालक स्वतः राहत असेल तर मिळकत करात 40 टक्के सवलत मिळते. घर भाड्याने दिलं की ती जाते. घरटंचाईच्या शहरात घर भाड्याने देणाऱ्यालाच जास्त कर, हे उलटं आहे. नोंदणीकृत करारावर दिलेल्या घराला तीच सवलत ठेवा, असं मागा. नोंदणीही वाढेल.

तिसरी मागणी बांधकामाची, आणि लांब पल्ल्यात तुमचं भाडं याच गोष्टीने ठरणार आहे. शहरात माणसं वाढली तेव्हा घरं का वाढली नाहीत? 1976 च्या नागरी जमीन कमाल धारणा कायद्याने पुण्यात 1,000 चौरस मीटरवरची मोकळी जमीन अतिरिक्त ठरवली. गरिबांना घरं मिळण्यासाठी केलेल्या त्या कायद्याने जमिनी खटल्यांत आणि सवलतींच्या फायलींत अडकवल्या. महाराष्ट्राने तो 2007 च्या नोव्हेंबरमध्ये सोडला. आज अडथळा चटई क्षेत्र निर्देशांकाचा (एफएसआय, म्हणजे भूखंडाच्या किती पट बांधकाम करता येतं ते प्रमाण) आणि त्यावरच्या अधिमूल्याचा आहे. 2020 च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत मूळ निर्देशांकाच्या वर बांधायचं तर शासनाला आणि पालिकेला पैसे भरावे लागतात. ते घराच्या किमतीत जातात आणि तिथून भाड्यात. लहान घरांच्या प्रकल्पांना हे अधिमूल्य माफ करा आणि प्रत्येक बांधकाम परवानगीला प्रत्यक्ष किती दिवस लागले ते दर महिन्याला जाहीर करा, असं मागा.

राहिला प्रश्न ज्याला खरोखर परवडतच नाही त्याचा. त्याला मदत हवीच. पण ती अर्थसंकल्पातून, उत्पन्न पाहून, थेट कुटुंबाच्या खात्यात द्यावी. भाडं गोठवणं म्हणजे ती मदत एका घरमालकाच्या खिशातून करणं. तो मालक फ्लॅटच्या भाड्यावर म्हातारपण काढणारी एखादी निवृत्त शिक्षिकाही असू शकते आणि आतला भाडेकरू तिच्यापेक्षा श्रीमंतही. 1999 च्या कायद्याने बँका आणि 1 कोटी किंवा अधिक भरणा भांडवलाच्या कंपन्यांना संरक्षणातून वगळलं, ते याच कारणाने. फक्त एक सावधगिरी : घरं वाढली नाहीत तर मदतीचे पैसेही भाडेवाढीतच जिरतात. म्हणून तिसरी मागणी सोडून ही एकटी करू नका.

एकच निवेदन सगळ्यांना पाठवलं तर ते या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहतं. भाडे कायद्यातला बदल गृहनिर्माण विभागाकडे, निर्देशांक आणि अधिमूल्य नगरविकास विभागाकडे, मिळकत कर महापालिका आयुक्तांकडे, असे तीन वेगळे कागद करा. आमदारांना तिन्हींच्या प्रती द्या आणि प्रत्येकावर आवक क्रमांक घ्या. आकड्यांशिवाय जाऊ नका. गटातल्या प्रत्येकाकडून तीन वर्षांपूर्वीचं भाडं, आजचं भाडं, डिपॉझिट, आणि मागच्या घराचं डिपॉझिट किती दिवसांनी आणि किती कापून मिळालं, एवढं लिहून घ्या. सोबत पुण्याच्या सक्षम प्राधिकाऱ्याच्या कार्यालयात माहिती अधिकाराचा अर्ज टाका : गेल्या तीन वर्षांत कलम 24 खाली किती अर्ज आले, किती निकाली निघाले, निकालाला सरासरी किती दिवस लागले. शुल्क 10 रुपये, उत्तराची मुदत 30 दिवस. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय, तोही 150 शब्दांत. त्यात मिळकत कराचा प्रश्न घुसडलात तर अर्ज अडेल. उत्तर हाती आल्यावरच आमदारांची वेळ घ्या.

मालकाशी बोलणं मात्र याच आठवड्यात करा. चालू कराराची शेवटची तारीख पाहा आणि नव्या कराराचा मसुदा तिच्या किमान महिनाभर आधी त्यांच्या हाती द्या. मुदत उलटून गेल्यावर घरात राहिलात तर कलम 24 मधली दुप्पट भाड्याची तरतूद तुम्हालाच लागू होते, आणि मग 22,000 ची बोलणी करायला तुमच्या बाजूला काही उरत नाही.